भीमेच्या काठापासून ह्यांच्या नावापर्यंत

वाचा गेली म्हणून माणूस गेलं असं धरून बसू नका. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण वाचा बाई, कारण मी आयुष्यातला एक मोठा तुकडा गप्प बसून काढलाय, आणि तेव्हापासून कुणी ऐकणारं सापडलं की मी त्याला सहजी सोडत नाही.

झालं असं, की दौंडच्या रेल्वे दवाखान्यात माझी सेवा केली त्या सिस्टर सलोमीबाई परवा घरी आल्या होत्या. त्या आता शिरूरला असतात, माहेरही त्यांचं तिथलंच, मिशनच्या आवारातलं. म्हणाल्या, वडगाव रासाईचे एक मामा आमच्या तिथल्या दवाखान्यात आणलेत. चांगला बोलता माणूस, एका सकाळी वाचा बसली, आणि घरचे म्हणतात डोकं फिरलं. यमुनाबाई, तुम्ही तुमचं सगळं सांगा, कमलला लिहू द्या, मी त्यांना वाचून दाखवते. म्हणून मी सांगतेय आणि माझी थोरली लेक कमल लिहितेय. ती शिकलेली, माझं 'न्हाई' ती 'नाही' करते. करू दे. मधेमधे मी अडखळते, ते तिनं गाळलंय.

माझं माहेर मांडवगण फराट्याचं. सासर म्हणाल तर रेल्वेचं. दौंड स्टेशनच्या पलीकडं चाळीत आमची क्वार्टर, आणि आमचे हे सांधेवाले. गाडी ज्या रुळावर घ्यायची त्या रुळाला सांधा फिरवून द्यायचा, हे त्यांचं काम. घरात मी, हे, कमल, धाकटा, आणि ह्यांची आई, म्हणजे आमच्या आत्याबाई. सासूला आमच्यात आत्याबाईच म्हणतात.

ह्यांचं नाव मी आत्ताच सांगत नाही. आमच्या वेळी बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं नाही, काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं होतं. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला अडवून धरलं तर तेवढं उखाण्यात घ्यायचं. मला उखाणाही एकच यायचा, लग्नात मावशीनं शिकवलेला, शेंगांचा. चाळीतल्या बाया म्हणायच्या, यमुनाबाईंच्या शेंगा अजून संपल्या न्हाईत का. मी म्हणायचे, पुरवून खाते.

दूध उतू गेलं ती सकाळ

थंडीचे दिवस होते. शेगडीवर दूध ठेवलं होतं आणि मी पीठ मळत होते. दूध वर यायला लागलं तशी मी कमलला सांगायला गेले, दूध बघ. तोंडातनं आलं, "विळी."

कमल विळी घेऊन आली. मी मान हलवली, परत म्हटलं, "विळी, विळी." ती म्हणाली, ही काय आणलीय की. तोवर दूध शेगडीवर. मला माझं हसू आलं, पण हसताना तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि उजव्या हातातलं पीठ सुटलं ते परत धरताच येईना.

आता गंमत बघा. आदल्या दिवशी आत्याबाईंची आणि माझी लोणच्याच्या बरणीवरनं जुंपली होती. त्या सकाळी त्यांनी मला काही विचारलं, मी बोलले नाही, नुसती बघत राहिले. त्यांना वाटलं सुनेनं अबोला धरला. मग त्या काय कमी आहेत होय? त्यांनीही धरला. भिंतीकडं तोंड करून माळ ओढत बसल्या. सासू-सुनेच्या अबोल्यात कुणी पडायचं नाही म्हणून पोरंही गप्प. मी खांबाला टेकून बसलेय, आत सगळं कळतंय, बाहेर काही निघत नाही, आणि घरातले सगळे मी कधी नमते त्याची वाट बघतायत.

हे ड्यूटीवरनं आले, चप्पल काढता काढता माझ्याकडं बघितलं आणि तसेच उलट पावली टांगा आणायला गेले. टांग्यात आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि दवाखाना येईपर्यंत त्या बरणीला शिव्या देत होत्या.

वॉर्डात

डॉक्टरसाहेब मद्रासकडचे, वयानं लहान. हमालांकडून हिंदी आणि सिस्टरांकडून मराठी शिकलेले, त्यामुळं दोन्हीची खिचडी. त्यांनी छातीला नळी लावली, मला लहानपणी गुडघे सुजून ताप यायचा का ते विचारलं. यायचा. मग ह्यांना बाजूला बसवून कागदावर अक्रोडासारखं काहीतरी काढलं. ते म्हणाले, हृदयात रक्ताची बारीक गुठळी झाली ती वाहत वर गेली, आणि डोक्यात डाव्या अंगाला, कानाच्या जरा पुढं, बोलणं तयार होतं त्या जागेची वाट तिनं अडवली. उजवा हात हलवणारी जागा तिच्या लगतच, म्हणून हातही लुळा. कानानं ऐकलेलं पोचतं ती जागा थोडी मागं, ती धड आहे. जीभ धड आहे, गळाही धड आहे.

ह्यांना एका क्षणात कळलं. ते म्हणाले, "म्हंजी साहेब, गाडी हाय, रूळ हाय, सांधा बसंना."

डॉक्टरसाहेब खूश झाले. पुढं कुणालाही समजवायचं झालं की ते हेच सांगायचे.

त्यांनी मला पहिलं इंजेक्शन टोचलं तेव्हा माझ्या तोंडातनं पहिला धड शब्द निघाला. "मेल्या!" स्वच्छ, खणखणीत. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. डॉक्टरांना भलताच आनंद झाला, ते सिस्टरांना विचारायला लागले, क्या बोली, क्या बोली. सलोमीबाई गंभीर तोंड करून म्हणाल्या, आमच्याकडं लाडानं म्हणतात. तेव्हापासून डॉक्टर वॉर्डात शिरले की आधी माझ्या खाटेकडं बघून हसायचे.

शिव्या आणि आकडे कुठं वेगळ्या फडताळात ठेवलेले असतात कोण जाणे. सिस्टर माझी बोटं एकेक करून चोळायच्या आणि मोजायच्या, तर त्यांच्याबरोबर माझेही आकडे घडाघडा यायचे. पण दोन भाकरी म्हणा म्हटलं, की दोनही नाही आणि भाकरीही नाही. घाम फुटायचा. आणि ज्याला त्याला वाटायचं मला ऐकू येत नाही. भेटायला आलेलं माणूस खाटेशी वाकून असं ओरडायचं, की पलीकडची बाळंतीण दचकून उठायची. अहो, वाचा गेली होती, कान कुठं गेले होते?

कान इतके शाबूत होते, की भेटून निघता निघता चाळीतल्या दोघी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून हळू आवाजात काय बोलल्या तेही सगळं ऐकलं. आता ह्यांचं कसं व्हायचं, पोरं लहान, दुसरी करतील का, सरकारी नोकरीत चालतं का. मला सांगायचं होतं, बायांनो, मी इथं आहे. आलं तेवढंच, "मेल्या." दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, की नेमकं कुणाला म्हटलं. मामांच्या घरच्यांना सांगते, आजाऱ्यासमोर त्याच्या माघारचं बोलू नका. तो जागा असतो.

हे मुळात मुलखाचे अबोल. लग्नाला इतकी वर्षं झाली, बोलायचं खातं माझ्याकडं होतं. पण दवाखान्यात ह्यांनी कमाल केली. डबा घेऊन यायचे, मला भरवता भरवता यार्डातलं सगळं सांगायचे. कुठल्या गाडीचं इंजिन बदललं, कुठल्या ड्रायव्हरनं किती वेळ शिट्टी मारली, कुणाचा कंदील फुटला. उत्तराची वाट बघायचे नाहीत. मी घास गिळत ऐकायचे. त्या वॉर्डात मला सगळ्यात सुख त्या वेळेचं होतं.

तीन प्रश्न

डॉक्टरसाहेब रोज फेरीला आले की तेच तीन प्रश्न विचारायचे. तुमचं नाव काय, गाव कुठलं, नवऱ्याचं नाव काय. हळूहळू, दम खात, "य-मु-ना" यायला लागलं. मग "दौंड" आलं. ज्या दिवशी दौंड आलं त्या दिवशी सिस्टरांनी वॉर्डभर पेढ्यासारखा गुळाचा खडा वाटला.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी डाव्या हातानं पदर ओढायचे आणि तोंड फिरवायचे. परका पुरुष, सासू शेजारी बसलेली, भर वॉर्डात, आणि नवऱ्याचं नाव सांगू? डॉक्टर परत विचारायचे. मी परत तोंड फिरवायचे. ते चेहरा पाडून निघून जायचे आणि आत्याबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐटीत सांगायच्या, वाचा गेली तरी वळण सोडलं न्हाई बघा आमच्या सुनेनं.

पण एके दिवशी डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेलं. दार उघडंच होतं. ते म्हणाले, मला भीती वाटतेय. बाईंना स्वतःचं नाव येतं, गावाचं येतं, पण तुम्हाला त्या ओळखत नाहीत. नुसतं बोलणं गेलेलं नाही, आठवणीतलीही माणसं गेलीत. इथं माझ्याच्यानं होणार नाही, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, आणि किती दिवस ते सांगता येत नाही.

हे आत आले, माझी चादर नीट केली आणि ड्यूटीवर गेले. ड्यूटीला अजून अवकाश होता.

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना. लाज सोडायची, उद्या सांगून टाकायचं. आत्याबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. दुपारी वॉर्ड जरा निवांत झाला तशी मी पदर डोक्यावरनं तोंडावर घेतला आणि आधी आपलं मनातल्या मनात म्हणून बघायला गेले.

नाव नव्हतं.

ह्यांची टोपी आली. मिशी आली. अंगाला येणारा तेलाचा आणि कोळशाचा वास आला. लग्नात हळद लावताना डोळे घट्ट मिटून बसले होते ते आलं. नाव येईना. कुठल्या अक्षरानं सुरू होतं तेही येईना. इतके दिवस मला वाटत होतं, मी मुद्दाम झाकून ठेवलंय. पेटी उघडून बघते तर आत काहीच नाही.

मी फार घाबरले. बाकीचे शब्द गेले होते त्याचं इतकं वाटलं नव्हतं. पण ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याचं नाव माझ्याजवळ नाही? आणि ते मला परत कुठं ऐकायला मिळणार? आत्याबाई त्यांना भाऊ म्हणतात. पोरं दादा म्हणतात. यार्डात सगळे आडनावानं हाका मारतात. मी विचारावं तर मला विचारता येत नाही. मी रडायला लागले, सिस्टरांना वाटलं हात दुखतोय, त्या तेल घेऊन आल्या.

मला न आलेलं नाव आणि सगळ्यांचा आनंद

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुंबईचं बोलायला लागले तशा सलोमीबाई मधे पडल्या. त्या ख्रिस्ती, त्यांच्यात हे इतकं पाळत नाहीत, पण आजूबाजूला बघून त्यांना ठाऊक. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, साहेब, ह्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुम्ही वॉर्डातल्या धडधाकट बाईला विचारा, ती पण तोंड फिरवेल.

डॉक्टरांनी खरंच विचारलं. पलीकडच्या बाळंतिणीला. तिनं पदर ओढला. तिच्या पलीकडचीला विचारलं, तिनं पण. तिसऱ्या खाटेवरची म्हातारी तर म्हणाली, त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली तरी मी घेत न्हाई.

डॉक्टर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मुंबई रद्द. आठवडाभरानं घरी जा म्हणाले. आत्याबाईंनी देवाला हात जोडले. हे दारात उभे होते, त्यांच्या तोंडावर टांगा आणायला धावल्यापासून पहिल्यांदा हसू दिसलं.

आणि मी खाटेवर बसून, सगळ्यांकडं बघत. डॉक्टर चुकले नव्हते हो. ते बरोबर होते. हे मला एकटीलाच ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. खरं सांगते, एक मन म्हणत होतं की सांगावं, आणि दुसरं म्हणत होतं, यमुने, गप्प बस, घरी जायला मिळतंय. गप्प बसायला मला काही कष्ट पडणार नव्हते.

उंबऱ्यात

टांगा चाळीशी आला तर बाया गोळा झालेल्या. कुणी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कुणी पायावर पाणी घातलं. मी एक पाय फरफटत, आत्याबाईंचा खांदा धरून उंबऱ्यापाशी आले आणि बघते तर सोजरबाई दारात हात आडवे लावून उभी.

सोजरबाई फायरमनची बायको. आवाज इंजिनाच्या वर. आमच्या चाळीत पद्धतच पडून गेलेली, बाळंतपणाहून, यात्रेहून, कुणी बरेच दिवसांनी घरी आली की उंबऱ्यात अडवायचं आणि नाव घ्यायला लावायचं. तिच्या मनात माया होती. मी पहिल्यासारखी आहे असंच तिला धरायचं होतं.

"नाव घ्या यमुनाबाई. मगच आत."

हे टांग्याचं भाडं देऊन मागं येऊन उभे राहिलेले. पोरं दारात. सगळ्यांच्या देखत आता कळणार, की हिच्याजवळ नवऱ्याचं नाव नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आगं सोड तिला, बोलता येत न्हाई."

सोजरबाई ऐकणार होय. "पूर्ण नगं. नुसत्या शेंगा म्हणा," ती म्हणाली, आणि तिनंच सुरुवात करून दिली, "भीमेच्या काठाला..."

आणि माझं तोंड आपलं आपण चालू झालं. मी काही केलं नाही. उतारावर गाडी सुटावी तसं ते सुटलं.

"भीमेच्या काठाला भुईमुगाच्या शेंगा,
सदाशिवरावांचं नाव घेते, आणखी काय पायजे सांगा."

सदाशिव. बाई गं, सदाशिव!

बाया ओरडल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं. नाव माझ्याच तोंडातनं निघालं होतं, पण मला वाटलं दुसऱ्या कुणीतरी आणून हातात ठेवलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि भोकाड पसरलं. सोजरबाई घाबरली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. मी तिचा हात धरून ठेवला, सोडेचना.

शेंगा सोलणं

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायला गेले तर परत काही नाही. नुसतं नाव म्हटलं तर येईना. भीमेच्या काठापासून निघालं, तरच तिथपर्यंत पोचायचं, आणि पोचल्यावर थांबता यायचं नाही, सरळ 'सांगा'पर्यंत जायचं. मी दवाखान्यात दाखवायला गेले तेव्हा हे डॉक्टरांना कसंतरी समजावून दिलं. अर्धं उखाण्यानं, अर्धं हातवारे करून. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेलं, आकडे, गाणी, शिव्या, ह्यांची वाट वेगळी असते. ती वाट तुमची चालू आहे. तिच्यावरनं जा, नावाशी उतरा, मग एकेक शब्द मागचा कमी करत या. रोज करा. आधी हे नाव, मग बाकीचे शब्द.

रोज. म्हणजे रोज नवऱ्याचं नाव, सकाळ-संध्याकाळ, पुन्हा पुन्हा.

आत्याबाईंना हे कळलं आणि घरात वादळ आलं. त्यांची आधीची तीन लेकरं गेलेली, हे चौथे. त्यांनी ह्यांना कधी नावानं हाक मारली नाही ती त्याच भीतीनं. मी शेंगा म्हणायला बसले की त्या भांडी आपटायच्या. एकदा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी वाचा माझ्या लेकराच्या आयुष्यावर परत आणतीस व्हय गं?"

मला राग आला आणि त्यांची दयाही आली. दोन्ही सांगता येईना. मी नाव घ्यायचं बंद केलं. आठवड्यात आधी आलेले दोन-चार शब्दही मागं गेले. पाणी मागायला मी परत बोट दाखवायला लागले. पोरं बघत होती, हे बघत होते.

एके संध्याकाळी जेवता जेवता हे म्हणाले, आई, मी दिवसभर इंजिनांच्या मधनं चालतो. नावानं काय हुतंय? बस, एवढंच. आत्याबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडी पेटवत होते तर त्या माळ घेऊन शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ मणी ओढत होत्या. मग मणी थांबवला.

"घे," त्या म्हणाल्या.

मी बघत राहिले.

"घे म्हणते ना नाव. तू जेवढं काढशील तेवढं मी घालते."

मी भीमेच्या काठापासून निघाले. नावाशी आले. आणि माझ्या तोंडातनं ते निघतंय तोवर आत्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "औक्षवंत हो."

ही आमची रीत पडली. मी पीठ मळत, भाजी चिरत, दळण निवडत शेंगा म्हणायचे, आणि त्या घरात जिथं असतील तिथनं, "औक्षवंत हो." न्हाणीतनं सुद्धा. चाळीतल्या पोरी बाहेर उभ्या राहून ऐकायच्या आणि खिदळायच्या. हे घरात असले तर कानकोंडे होऊन बाहेर जाऊन बसायचे. एवढं आयुष्य एका माणसाला मिळालेलं मी बघितलं नाही.

उन्हाळ्यापर्यंत मी 'सांगा'च्या आधी थांबायला शिकले. मग काठ सोडला, शेंगांपासून निघायला लागले. त्याच वाटेनं बाकीचे शब्द परत आले. जात्यावरच्या ओव्यांतनं 'पाणी' आलं, 'आई' आली, सोजरबाईशी भांडताना तर कितीतरी आले. घाईनं कुणी माझं वाक्य पुरं केलं की मात्र माझा शब्द आल्या वाटेनं परत जायचा. कमलला ही खोड होती. मी तिला चमचा दाखवायचे. मामांच्या घरच्यांनो, थांबा थोडं. शब्द येतो, त्याला उशीर होतो.

नुसतं नाव मात्र येत नव्हतं. निदान एक शेंग तरी लागायचीच.

डबा

पाऊस संपून गेला होता, उन्हं पडली होती. हे दुपारच्या ड्यूटीला निघाले. चाळीच्या तोंडाशी गेले आणि मी बघते तर डबा शेगडीपाशीच राहिलेला. मी डबा उचलला, उजव्या हातानं, आणि दारात आले. ओरडून सांगायचं होतं, अहो, डबा. एवढेच दोन शब्द. दोन्ही मला येत होते.

तोंड उघडलं आणि मोठ्यानं आलं, "सदाशिव!"

काठ नाही, शेंगा नाहीत, राव सुद्धा नाही. भर चाळीत, भर दुपारी. नळावरच्या बाया जिथल्या तिथं थांबल्या. सोजरबाईच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली. मी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

हे वळले. त्या नावानं त्यांना शाळा सुटल्यापासून कुणी हाक मारली नसेल. टोपी सरळ केली आणि शाळेतल्या हजेरीला द्यावी तशी ओ दिली. मग डबा घ्यायला परत आले, माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून हळूच म्हणाले, "शेंगा संपल्या म्हणायच्या."

मी आतनं येणाऱ्या आवाजाची वाट बघत उभी राहिले. नेहमी लगेच यायचा. ह्या वेळी आला नाही. मी वळून बघितलं तर आत्याबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या, माळ हातातच. त्यांनी आपल्या लेकाकडं बघितलं नाही. माझ्या तोंडावरनं हात फिरवला, जिथं ते अजून जरासं वाकडं राहिलंय तिथनं, आणि म्हणाल्या,

"तू बी औक्षवंत हो, बाय."